कुरूप विमानांची कैफियत
(‘महायुद्धातली यंत्रं’ लेखमाला : लेखांक ६)

दिसायला चांगलं असलेलं विमान उडायलाही चांगलंच असतं, असं मार्सेल दासो म्हणत असत, अशी आख्यायिका आहे. मिराज आणि राफाल घडवणाऱ्या कंपनीच्या संस्थापकाला हे वाक्य शोभून दिसतं. पण हेच गृहस्थ १९३०च्या दशकात मार्सेल ब्लॉक या आपल्या मूळ नावाने विमानं बांधत होते. (भावाने फ्रेंच प्रतिकार चळवळीत घेतलेल्या टोपणनावावरून त्यांनी पुढे ‘दासो’ हे आडनाव लावलं.) त्या काळातलं त्यांचं ‘एमबी २००’ हे बॉम्बफेकी विमान म्हणजे सपाट बाजूंचं धड, पोटाखाली कायमची लटकलेली चाकं आणि नाकावर काचेचा बुरूज! दासोंचं वाक्य त्यांच्याच विमानाला लावलं, तर निकाल काय लागेल ते सांगायला नको.

या पंक्तीत ब्लॉक एकटे नव्हते. त्या काळातली फ्रेंच बॉम्बफेकी विमानं हा कुरूपतेचा खजिनाच आहे, आणि त्यातलं मानाचं पान ‘आमियो १४३’चं. धडाखाली खिडक्याच खिडक्या असलेलं दुसरं धड चिकटवलेलं, चाकांवर भलीमोठी आवरणं, आणि पंख इतके जाड की उड्डाण चालू असताना माणूस आतून सरपटत इंजिनापर्यंत जाऊ शकत असे. हे सारं उगाच केलेलं नव्हतं. एकाच विमानाने बॉम्ब टाकावेत, टेहळणी करावी आणि स्वतःचं रक्षणही करावं, अशी तेव्हाच्या फ्रेंच हवाई दलाची अपेक्षा होती. मग निरीक्षकाला खिडकी हवी, तोफचीला बुरूज हवा, बॉम्ब टाकणाऱ्याला खाली बघायला जागा हवी. ज्याने जे मागितलं ते बांधून दिलं गेलं.

ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास हे खपूनही जात होतं. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो. विमान जितकं वेगवान, तितका प्रत्येक कोपरा, प्रत्येक उंचवटा महाग पडत जातो. मे १९४०मध्ये सदाँजवळच्या पुलांवर जर्मन सैन्याला रोखण्यासाठी आमियो दिवसाढवळ्या पाठवावी लागली, तेव्हा ती जर्मन लढाऊ विमानांपुढे फार काळ टिकण्याची आशा नव्हतीच.

स्पिटफायर याच दशकातलं. त्याचं पहिलं उड्डाण ५ मार्च १९३६ रोजी साउदॅम्प्टनजवळ झालं. कडेने निमुळत्या होत जाणाऱ्या त्याच्या लंबवर्तुळाकार पंखांमुळे त्याला जगातलं सर्वांत देखणं लढाऊ विमान म्हणणारे आजही ढिगाने सापडतात. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही, कारण ते खरंच देखणं आहे. गंमत अशी की ते देखणं व्हावं म्हणून कुणी फारसं झटलं नव्हतं. रचनाकार आर. जे. मिचेल यांना पंख पातळ हवा होता, कारण जाड पंखाला हवा जास्त अडते. पण त्याच पंखात आठ मशीनगन बसवायच्या होत्या आणि उड्डाणानंतर चाकंही दुमडून ठेवायची होती. लंबवर्तुळाकार पंखाची रुंदी टोकाकडे बरीच उशिरा कमी होते. त्यामुळे रुंदीच्या मानाने पंख पातळ राहतो, तरी बंदुकांना जागा मिळते. हे गणित सोडवलं बेव्हर्ली शेनस्टन या कॅनडाच्या वायुगतितज्ज्ञाने. आकार लंबवर्तुळाचा आहे की आणखी कसला याची पर्वा नाही, बंदुका झाकल्या गेल्या म्हणजे झालं, अशा अर्थाचं मिचेल बोलले होते, ही आठवण शेनस्टननेच नोंदवून ठेवली आहे.

या रूपाची किंमत कारखान्याने मोजली. दोन्ही बाजूंनी वळणारे ते पत्रे घडवणं म्हणजे कारागिरांची कसोटी होती. जून १९३६मध्ये ३१० विमानांची मागणी नोंदवली गेली, पण पहिलं स्पिटफायर डक्सफर्डच्या तुकडीकडे पोचायला ऑगस्ट १९३८ उजाडला. मिचेल त्याआधीच, जून १९३७मध्ये, वयाच्या अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी कर्करोगाने गेले होते. दरम्यान पाठीला पोक आलेलं, मागच्या धडावर कापड ताणून बसवलेलं हॉकर हरिकेन भराभर तयार होत होतं. १९४०च्या ब्रिटनच्या हवाई लढाईत हरिकेनची संख्या स्पिटफायरपेक्षा जास्त होती आणि शत्रूची जास्त विमानंही त्यांनीच पाडली. पोस्टरवर मात्र स्पिटफायर झळकलं. पुढे जर्मनांचं फॉकवुल्फ १९० आलं. गिरकी घेण्यात ते इतकं चपळ होतं की कमी उंचीवर लढणाऱ्या काही स्पिटफायरच्या पंखांची ती सुंदर टोकं सरळ कापून टाकावी लागली.

मागितलेलं सगळं देऊनही वेगळा निकाल लागतो, याचं उदाहरण वेस्टलँड लायसँडर. सैन्याला मदत करणाऱ्या या विमानाची आखणी करण्यापूर्वी टेडी पेटर यांनी वैमानिकांनाच गाठून विचारलं, तुम्हाला नेमकं काय हवं? उत्तर आलं: खालची जमीन नीट दिसली पाहिजे आणि छोट्याशा शेतातही उतरता आलं पाहिजे. म्हणून पंख डोक्यावर गेला, आणि वैमानिकाच्या नजरेआड येऊ नये म्हणून धडापाशी तो अरुंद झाला. भारतीय हवाई दलाच्या पहिल्या स्क्वाड्रनला मिळालेली लायसँडर मुंबईच्या युद्धनिधीतल्या पैशांनी घेतलेली होती. १९४२च्या आरंभी स्क्वाड्रन लीडर के. के. मजुमदार यांनी ब्रह्मदेशातून ती थेट बॉम्बफेकीला वापरली, जे काम त्यांच्यासाठी मुळात नव्हतंच.

फ्रान्समध्ये दिवसाच्या लढाईत लायसँडरची दाणादाण उडाली. मग ती चांदण्या रात्री गुप्तहेर नेऊ-आणू लागली. बडोद्याच्या इनायत खाँ यांची कन्या नूर जून १९४३मध्ये लायसँडरमधूनच व्यापलेल्या फ्रान्समध्ये उतरली. याच पेटर यांनी पुढे कॅनबेरा आणि नॅट या विमानांची आखणी केली. भारतीय हवाई दलाची कित्येक वर्षं या दोन विमानांबरोबर गेली आहेत.

खरं साहस मात्र रिचर्ड फोख्ट यांचं. जर्मन हवाई खात्याला एका इंजिनाचं, चहूकडे स्वच्छ दिसेल असं टेहळणी विमान हवं होतं. इंजिन नाकावर असेल तर समोरचं झाकलं जाणार. फोख्ट यांनी इंजिन आणि शेपूट डावीकडच्या नळकांड्यावर बसवलं आणि माणसं उजवीकडच्या काचेच्या डब्यात. ‘ब्लोम उंड फॉस १४१’ १९३८मध्ये उडालं आणि चांगलं उडालं. पंख्याच्या फिरण्यामुळे विमान एका बाजूला ओढलं जातं. तो ओढा या एकांगी वजनाने काही अंशी सावरला जात होता. नंतरच्या नमुन्यात तर मागच्या तोफचीला अडथळा नको म्हणून शेपटीचा उजवा पंखही जवळजवळ काढून टाकला. अखेर खात्याने निवडलं ते फॉकवुल्फ १८९. त्याची इंजिनं दोन होती, पण निदान ते दोन्ही बाजूंनी सारखं होतं. फोख्टची मोजकीच विमानं बनली.

बी-२४ लिबरेटरला ‘बी-१७ ज्या खोक्यातून आलं ते खोकं’ असं बी-१७चे वैमानिक चिडवत. उंच, चपट्या बाजूंचं धड, आणि बॉम्बकप्प्याचे दरवाजे दुकानाच्या शटरसारखे वर सरकणारे. पण त्या खोक्यावरचा लांब, अरुंद पंख कमी इंधनात फार दूर नेणारा होता. अटलांटिकच्या मध्यावर, जिथे किनाऱ्यावरून उडणारी इतर विमानं पोचत नव्हती, तिथे जर्मन पाणबुड्यांना गाठलं ते लिबरेटरनी. अमेरिकेत अशी १८,०००हून जास्त विमानं बांधली गेली.

त्यांतली काही युद्ध संपल्यावर कानपूरला मुद्दाम निकामी करून सोडून दिलेली होती. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानच्या साथीने १९४०मध्ये बंगळुरूला उभ्या केलेल्या हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या तंत्रज्ञांनी तिथेच डागडुजी करून ती उडण्यापुरती उभी केली, आणि चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी ती बंगळुरूला घेऊन गेले. अशी चाळीसहून अधिक विमानं नव्याने सज्ज झाली आणि १९६८पर्यंत हवाई दलात राहिली. लंडनच्या रॉयल एअर फोर्स संग्रहालयातलं लिबरेटर भारताने दिलेलं आहे.

पुढच्या लेखांकात : फर्निचरच्या कारखान्यांत बनलेलं लाकडी मॉस्किटो, आणि भारताच्या दमट हवेत त्याचा सरस का सुटू लागला.