पिल्ले देणाऱ्या माशांतील नरांची भांडणे

गप्पी, मॉली, प्लॅटी आणि स्वोर्डटेल हे थेट पिल्ले देणारे मासे एकाच कुळातले. डासांच्या अळ्या खाण्यासाठी डबक्यांत सोडला जाणारा गंबुशियाही त्याच कुळातला. तो इतरांचे पर कुरतडतो, म्हणून घरच्या टाकीत नकोच. या कुळात नराचा पोटाखालचा मागचा पर काडीसारखा टोकदार असतो, मादीचा पंख्यासारखा. नरांची भांडणे मुख्यतः माद्या आणि वर्चस्व यांवरून होतात. स्वोर्डटेल यात सर्वांत तापट. टाकीत त्याचे दोनच नर असले तर दुबळ्याची सुटका नसते. तो कोपरा धरतो, खाणे सोडतो, शेपटी फाडून घेतो. म्हणून नर एकच ठेवावा, किंवा टाकी मोठी असेल तर पाच-सहा, म्हणजे सगळा मार एकावर येत नाही. प्रत्येक नरामागे दोन-तीन माद्या हव्यात, नाहीतर सततच्या पाठलागाने मादीच खंगते. गप्पींची निव्वळ नरांची टाकी बहुधा शांत राहते. टाकी लांबट असावी. दाट व्हॅलिसनेरिया, तरंगत्या वनस्पती आणि दगडांनी नजर अडली की पाठलाग तुटतो. दांडगटाला काही दिवस वेगळे ठेवावे आणि सजावट बदलून परत सोडावे, म्हणजे त्याने आखलेली हद्द मोडते. नाशिकच्या थंडीत हीटर लावून पाणी २४ ते २६ अंश सेल्सिअस ठेवावे; गारठलेल्या माशाला पळ काढता येत नाही. जास्तीचे नर दुकानदाराला किंवा दुसऱ्या हौशी पाळणाऱ्याला द्यावेत. गोदावरीत ते कधीही सोडू नयेत, कारण परके मासे देशी माशांच्या अन्नात वाटेकरी होतात आणि त्यांची अंडी-पिल्लेही खातात.