अरुंद जागेतलं उंच झाड : सिल्व्हर ओक

महाबळेश्वरहून पाचगणीकडे येताना रस्त्याकडेला सरळसोट उभे असलेले सिल्व्हर ओक पाहिलेत ना? पाचगणी वसवणाऱ्या जॉन चेसन यांनी १८६०च्या दशकापासून इथे जी परदेशी झाडं आणली, त्यांत हेही होतं. मूळचं पूर्व ऑस्ट्रेलियातलं. नावात ओक असला तरी कुळ वेगळं, प्रोटिएसी.

एक पान उलटून बघाच. वरून नेच्यासारखं कातरलेलं, गर्द हिरवं, खालून रुपेरी लव! फुलं केशरी-पिवळी, दात एकाच बाजूला असलेल्या फणीसारखी. त्यांना पाकळ्या नसतात, पण मध भरपूर, म्हणून सूर्यपक्षी आणि मधमाश्या हटत नाहीत.

खोड सरळ, पसारा कमी, त्यामुळे कुंपणालगतच्या चिंचोळ्या पट्टीत शोभतो. मात्र उंची वीस मीटरच्या पुढे जाते आणि फांद्या ठिसूळ असतात, म्हणून घर आणि विजेच्या तारांपासून लांबच लावा. जांभूळ, अंजनी, हिरड्याच्या रानाला लागून तर अजिबात नको, तिथे स्थानिक झाडंच हवीत. शिवाय महाबळेश्वर-पाचगणीचा हा परिसर २००१ पासून पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र आहे; नंतर वाटेल तेव्हा तोडता येणार नाही. जागा आधीच नीट ठरवा.