कृष्णाकाठचे गोपाळ आणि गोविंद

'टेंभू' हे नाव तुमच्यापैकी किती जणांनी ऐकलंय? आटपाडी-खानापूरकडच्या मुलांचे हात लगेच वर जातील. 'टेंभूचं पाणी आलं!' ही बातमी तिकडं सणासारखी असते. कराडजवळच्या या गावापाशी कृष्णेचं पाणी उचलतात आणि दुष्काळी भागात नेतात. पण त्याच टेंभूत १४ जुलै १८५६ रोजी एक मुलगा जन्मला, हे फारच थोड्यांना ठाऊक असतं. त्याचं नाव गोपाळ गणेश आगरकर.

आता कृष्णेच्या काठाकाठानं खाली या. सांगलीला लागूनच हरिपूर आहे. इथं वारणा कृष्णेला मिळते. हळद साठवायची जमिनीखालची पेवं ही हरिपूरची जुनी ओळख; २००५ च्या महापुरानं त्यांचं फार नुकसान केलं. या हरिपुरात १३ नोव्हेंबर १८५५ रोजी, म्हणजे आगरकरांच्या आधी आठच महिने, आणखी एक मुलगा जन्मला. गोविंद बल्लाळ देवल. नदी कृष्णा आणि मुलांची नावं गोपाळ नि गोविंद! आहे की नाही गंमत?

गोपाळच्या घरी गरिबी एवढी की शिक्षणासाठी कराड, रत्नागिरी, अकोला असं गावोगाव फिरावं लागलं. पुण्याला कॉलेजात असताना अंगात घालायला एकच सदरा होता. तो रात्री धुवायचा, वाळवायचा आणि सकाळी तोच घालायचा, असं सांगतात. एवढं शिकल्यावर कुणीही भल्या पगाराची नोकरी धरली असती. यानं मात्र आईला आधीच पत्रानं कळवून टाकलं, की मुलगा आता श्रीमंत होईल ही आशा धरू नकोस. मला ते पत्र आठवलं की त्या आईचंच जास्त वाटतं. तिनं ते कुणाकडून वाचून घेतलं असेल?

पुढं आगरकर आणि टिळक या दोन मित्रांनी इतरांच्या साथीनं शाळा काढली. १८८१ मध्ये 'केसरी' निघाला. कोल्हापूरच्या दिवाणावर टीका छापली म्हणून १८८२ मध्ये दोघांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. तिथंही त्यांचे वाद चालूच! रात्री आवाज इतके चढायचे की पहारेकरी येऊन दटावत.

वाद कशावरून होता? आधी काय बदलायचं, यावरून. टिळकांचं म्हणणं, आधी राज्य आपल्या हाती येऊ दे. आपल्या चालीरीतींत परक्या सरकारनं हात घालू नये. आगरकरांचं म्हणणं, घरात आठ-दहा वर्षांच्या मुलींची लग्नं लावतो, विधवांचे हाल करतो, त्याला सरकार परकं असेपर्यंत थांबायचं का? अखेर आगरकर 'केसरी'तून बाहेर पडले आणि १८८८ मध्ये त्यांनी 'सुधारक' काढला. १८९१ साली लग्न झालेल्या मुलींचं संमतिवय १० वरून १२ वर नेणारा कायदा आला, तेव्हा दोघं मित्र उघडउघड समोरासमोर उभे होते. (बारा! म्हणजे तुमच्यातल्या सहावी-सातवीतल्या मुली. आणि एवढ्यासाठी सारा महाराष्ट्र भांडत होता.) पुण्यात लोकांनी आगरकरांची जिवंतपणीच प्रेतयात्रा काढली. ती त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. दम्यानं आधीच पोखरलेला हा माणूस १८९५ मध्ये वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी गेला.

याच काळात मराठी मुली कुठवर पोचत होत्या, तेही सांगते. नवव्या वर्षी लग्न झालेल्या आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये अमेरिकेत डॉक्टर झाल्या. त्या सोहळ्याला पंडिता रमाबाई हजर होत्या. रमाबाई मग दोन-अडीच वर्षं अमेरिकाभर फिरल्या. तिथल्या बायका सभा भरवतात, दारूविरुद्ध उभ्या राहतात, मताचा हक्क मागतात, हे त्यांनी पाहिलं. (देशभर तो हक्क मिळायला मात्र १९२० साल उजाडावं लागलं. तेव्हा तिकडंही सगळं आलबेल नव्हतं, बरं का!) परत येऊन त्यांनी १८८९ मध्ये मुंबईत विधवा आणि मुलींसाठी 'शारदा सदन' काढलं.

शारदा हे नाव लक्षात ठेवा.

कारण आपला हरिपूरचा गोविंद इकडं नाटकांत रमला होता. सांगली म्हणजे नाटकाचं माहेरच. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी इथंच 'सीतास्वयंवर' केलं. त्या काळी संगीत नाटकात बहुतेक देव, राजे नि राण्या असायच्या. देवलांनी मात्र शेजारच्या घरातली मुलगी रंगमंचावर आणली. १३ जानेवारी १८९९ रोजी किर्लोस्कर मंडळीनं इंदूरला 'संगीत शारदा'चा पहिला प्रयोग केला. कांचनभट नावाचा लोभी बाप पैशासाठी आपली कोवळी पोर, शारदा, भुजंगनाथ नावाच्या श्रीमंत म्हाताऱ्याला द्यायला निघतो. मैत्रिणी गाण्यांतून त्या नवऱ्या मुलाची टर उडवतात. लोक खोखो हसायचे, मग शारदेचं रडणं ऐकून गप्प व्हायचे. आगरकरांचे लेख वाचून ज्यांनी नाकं मुरडली असती, तेही ही पदं गुणगुणत घरी जात. पण हे बघायला आगरकर नव्हते. चार वर्षं उशीर झाला.

गेल्या वर्षी स्नेहसंमेलनाच्या आधी मी माझ्या सातवीच्या वर्गाला ही गोष्ट सांगितली. कोदंड हा तरुण भर मांडवात येतो आणि वधू-वर एकाच गोत्राचे आहेत हे दाखवून लग्न मोडतो, इथवर आले. मुलांनी टाळ्या पिटल्या. मागच्या बाकावरची एक मुलगी मात्र टाळ्या वाजवत नव्हती. ती म्हणाली, "बाई, गोत्र वेगळं असतं तर?"

माझ्याकडं चटकन उत्तर नव्हतं. खरंच की! लग्न मोडलं ते नवरा म्हातारा म्हणून नाही, शारदा नको म्हणते म्हणूनही नाही. गोत्र एक निघालं म्हणून. देवलांना तरी दुसरा उपाय कुठं होता? १८९९ साली असं लग्न थांबवणारा कायदाच नव्हता. तो १९२९ मध्ये झाला: मुलगी १४, मुलगा १८. आपल्याकडं सगळे त्याला 'शारदा कायदा' म्हणतात आणि तो नाटकावरून आला असं समजतात. खरं तर ते नाव कायदा मांडणाऱ्या अजमेरच्या हरविलास सारडांचं! पण चूक इतकी गोड आहे की दुरुस्त करायला जीव होत नाही. पुढं १९७८ मध्ये मुलीचं वय १८ आणि मुलाचं २१ झालं.

शाळा सुटल्यावर ती मुलगी दारात रेंगाळली. तिच्या ताईची दहावीची परीक्षा व्हायची होती आणि रविवारी पाहुणे बघायला येणार होते. ताईला कुणी विचारलं का, असं मी म्हटलं, तर तिनं नुसती मान हलवली.

मी आणि मुख्याध्यापक तिच्या घरी गेलो. वडील म्हणाले, "बाई, स्थळ चांगलं आहे. पुढं ऊसतोडीला गेल्यावर पोरीला कुणाजवळ ठेवू?" हा प्रश्न खोटा नव्हता. कायदा सांगून तो सुटत नाही. आम्ही वसतिगृहाची चौकशी केली, दोन-तीन खेपा घातल्या. चहा झाले, रुसवे झाले. तुमच्या ओळखीत असं काही घडत असेल, तर १०९८ हा फोन नंबर मुलांसाठीच आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत.

ताई यंदा अकरावीला आहे. आणि धाकटीनं संमेलनात शारदेचं काम मागितलं नाही. तिला कोदंड व्हायचं होतं. फेटा जरा मोठा झाला आणि सारखा डोळ्यांवर येत होता, पण मांडवात शिरताना ती इतक्या जोरात ओरडली की पहिल्या रांगेतले सरपंच दचकले!