केस गळतायत? आधी तारीख सांगा!

बाथरूमच्या जाळीत अडकलेले केस मी रोज सकाळी मोजायला लागले, तेव्हा आईने अक्षरशः हात जोडले. 'अगं, ऑफिसची बस चुकेल!' बस चुकली तरी चालेल, पण कालच्यापेक्षा आज किती जास्त गेले हे कळल्याशिवाय मला चैन पडत नव्हतं.

ही गेल्या डिसेंबरची गोष्ट. हिंजवडीत नोकरी, बाणेरला घर आणि सोसायटीत टँकरचं पाणी. त्यामुळे दोषी कोण, हे आमच्या लिफ्टमध्ये भेटणाऱ्या प्रत्येकीला आधीच ठाऊक होतं. पाणी! ऑफिसातल्या मैत्रिणींचं मत पडलं 'स्ट्रेस'. आईचं मत, 'तेल कुठे लावतेस तू?' पार्लरवालीने हेअर स्पा सुचवला. मी सगळ्यांचं ऐकलं. कांद्याचा रससुद्धा चोळला. (सकाळच्या मीटिंगमध्ये शेजारचा सहकारी हळूच दोन पावलं मागे सरकला, ते मी जन्मात विसरणार नाही.) शिवाय केसांसाठी म्हणून मिळणाऱ्या बायोटिनच्या गोळ्या केमिस्टकडून आणल्या. व्हिटॅमिनच तर आहे, त्याने काय बिघडणार?

जानेवारीत मी एका मॉलमधल्या चकाचक हेअर क्लिनिकमध्ये पोचले. तिथे एका मुलीने छोटा कॅमेरा डोक्यावर फिरवला, स्क्रीनवर माझी टाळू जंगलतोड झाल्यासारखी दाखवली आणि पाचव्या मिनिटाला पॅकेज पुढे केलं. आठ सेशन्स, हप्त्यांची सोय. सोबत ब्लड टेस्ट फ्री! रिपोर्ट आला, थायरॉईड जास्त. मी घाबरून पहिला हप्ता भरून टाकला. मला काय झालंय, हे मात्र तिथे कुणी सांगितलं नाही आणि खरं सांगायचं तर मीही विचारलं नाही.

शेवटी ताईने ओढत सदाशिव पेठेतल्या एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे नेलं. जुनाच दवाखाना, बाहेर बाकड्यावर तासभर वाट बघणं. आत गेल्यावर मॅडमनी आधी डोक्याला हातच लावला नाही. विचारलं, 'गळायला कधी लागले? तारीख सांग.' मी म्हटलं, दिवाळीनंतर. 'मग त्याच्या आधी तीन महिन्यांत काय झालं होतं?'

सप्टेंबरमध्ये मला डेंग्यू झाला होता. चार दिवस 103 ताप. मी तो विसरूनही गेले होते!

मॅडमनी समजावलं ते असं. डोक्यावर साधारण 1 लाख केस असतात आणि त्यातले रोज 50 ते 100 गळणं अगदी नॉर्मल. केस काही वर्षं वाढतो, मग तीनेक महिने नुसता बसून राहतो आणि पडतो. मोठा ताप, बाळंतपण, ऑपरेशन किंवा क्रॅश डाएटचा दणका बसला की, एरवी वाढत राहिले असते असे पुष्कळ केस एकदम बसकण मारतात. गळतात मात्र दोन-तीन महिन्यांनी. तोवर आपण मूळ कारण विसरून शांपू बदलायला लागलेलो असतो. याला टेलोजेन एफ्लुव्हियम म्हणतात. 2020-21 मध्ये कोविडमधून उठलेल्या कितीतरी जणींना हाच अनुभव आला होता.

मग प्रश्नांची सरबत्ती झाली. पाळी नियमित आहे का? हनुवटीवर केस? कुठल्या गोळ्या सुरू किंवा बंद केल्या? आईचा भांग रुंद झालाय का? त्यांनी साठेक केसांची बट बोटांत धरून हळूच ओढली. सहाहून जास्त हातात आले तर केसगळती सुरू आहे, असं समजतात. (म्हणून जाताना त्याच दिवशी केस धुऊन जाऊ नका.) हातात आलेल्या केसांच्या टोकाला पांढरा ठिपका होता. म्हणजे केस मुळापासून सुटले होते, मधेच तुटले नव्हते. टँकरचं पाणी निर्दोष सुटलं!

आणि थायरॉईड? मॅडमनी रिपोर्ट पाहिला आणि पहिला प्रश्न केला, 'बायोटिन घेतेस का?' बायोटिनचा डोस मोठा असेल तर काही लॅब टेस्टचे आकडेच चुकतात. टीएसएच खोटंच कमी आणि टी-4 खोटंच जास्त दिसू शकतं. अमेरिकेच्या एफडीएने याबद्दल 2017 मध्ये जाहीर इशारा दिला होता. गोळ्या थांबवून आठवड्याने पुन्हा टेस्ट केली, थायरॉईड ठणठणीत. म्हणजे केसांसाठी घेतलेल्या गोळीने मला नसलेला आजार चिकटवला होता. हिमोग्लोबिन 12.1, पण फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, फक्त 9. केसगळतीत लोहाचा वाटा किती यावर डॉक्टरांमध्येच वाद आहेत, पण साठा इतका रिकामा ठेवायचा नाही म्हणून लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. बाकी औषध काय? वाट बघणं. क्लिनिकच्या पॅकेजपुढे फारच स्वस्त, नाही का?

खरा धक्का पुढेच होता. मी उठत असताना मॅडम ताईकडे बघून म्हणाल्या, 'तू बस जरा.' ताईचे केस कधी गळतच नव्हते, निदान आम्हाला तसं वाटायचं. जाळी स्वच्छ, उशी स्वच्छ. फक्त भांग तीन वर्षांत रुंद होत चालला होता. कपाळावरची केसांची रेषा जागेवर, विरळपणा मधोमध. डॉ. लुडविग यांनी 1977 मध्ये स्त्रियांमधल्या या प्रकाराच्या तीन पायऱ्या मांडल्या, ताई दुसरीवर होती. यात वाट बघून काहीच मिळत नाही, उलट केस आणखी बारीक होत जातात. तिला मिनॉक्सिडिल लागलं. मुळात हे ब्लडप्रेशरचं औषध. गोळ्या घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढायला लागले, तेव्हा त्याचा हा उपयोग लक्षात आला. बायकांसाठी अमेरिकेत 1991 मध्ये मान्यता मिळाली. पहिले काही आठवडे केस जास्तच गळू शकतात, फरक दिसायला चार-सहा महिने लागतात, थांबवलं की फायदाही ओसरतो आणि गरोदरपणात ते चालत नाही. हे सगळं आधीच सांगितलं होतं म्हणून ताई तिसऱ्या आठवड्यात बाटली फेकून न देता टिकली.

एका घरातल्या दोघी बहिणी, एकच तेल, एकच पाणी. तिची बाटली मी वापरली असती तर पैसे वाया गेले असते, इतकंच. पण माझ्यासारखी 'वाट बघ' हा सल्ला तिने पाळला असता तर? मॅडमकडे बाकड्यावर एक कॉलेजची मुलगी भेटली. डोक्यावर रुपयाएवढी चाई पडलेली, घरी तिला लसूण चोळून चोळून फोड आणले होते. चाईत मुळं जिवंत असतात, केस पुष्कळदा परत येतात. पण जिथे खाज, आग होते आणि टाळू गुळगुळीत चकचकीत दिसायला लागते, तिथे मुळंच मरत असण्याची शक्यता असते. मेलेलं मूळ परत येत नाही, म्हणून तिथे एक आठवडासुद्धा तेलात घालवू नये, असं मॅडम निक्षून सांगतात.

आता माझ्या कपाळावर बोटभर लांबीचे नवे केस अँटेनासारखे उभे राहतात. ताई दर महिन्याला त्याच खिडकीपाशी, त्याच उजेडात भांगाचा फोटो काढते. मॉलमधल्या क्लिनिकने पहिला हप्ता परत केलेला नाही. अधूनमधून तिथून गोड आवाजात फोन येतो, 'मॅडम, उरलेली सेशन्स कधी घेताय?'