घरातील आगगाडी : छंद, हिशेब आणि वारसा

व्यापारी कुटुंबात ‘छंद’ हा शब्द काहीशा संशयानेच उच्चारला जातो. सकाळी दुकान उघडायचे, रात्री गल्ला मोजून बंद करायचे आणि मधल्या वेळात माल, उधारी, वसुली व कर यांचे व्यवहार सांभाळायचे, अशा दिनक्रमात छंदाला जागा उरत नाही. म्हणूनच साठी उलटल्यावर दुकान मुलांच्या हाती सोपवणाऱ्या अनेक गृहस्थांपुढे रिकामा वेळ हा एक प्रश्न होऊन उभा राहतो. बँकेतील नोकरीच्या निमित्ताने मराठवाड्यातील बाजारपेठा मी जवळून पाहिल्या. ज्यांनी आयुष्यभर हिशेबात एका पैची चूक होऊ दिली नाही, असे कर्तबगार व्यापारी निवृत्तीनंतर केवळ करण्यासारखे काही नाही म्हणून खचलेले मी पाहिले आहेत. अशांसाठी, आणि त्यांच्या नातवंडांसाठीही, एका छंदाचा परिचय येथे करून देत आहे. हा छंद म्हणजे घरात आगगाडीचा लहानसा पण नेमका देखावा उभारणे.

प्रथमच एक भेद स्पष्ट करतो. चावी देऊन गोल फिरणारी गाडी हे खेळणे होय. आदर्श रेल्वे, ज्याला इंग्रजीत मॉडेल रेल्वे म्हणतात, ती याहून वेगळी आहे. तिच्यात इंजिन, डबे, रूळ, सांधे, सिग्नल, फलाट आणि आसपासचे गाव हे सर्व एकाच ठरावीक प्रमाणात लहान केलेले असते. जर्मनीतील मेर्कलिन या कारखान्याने १८९१ मध्ये ठरावीक मापांचे रूळ आणि त्यांवर चालणाऱ्या गाड्यांचे संच बाजारात आणले. इंग्लंडमध्ये मेकॅनोचे जनक फ्रँक हॉर्नबी यांच्या कारखान्यातून १९२० पासून आगगाड्या बाहेर पडू लागल्या. तेव्हापासून हा छंद जगभर पसरला.

पुण्यातील उदाहरण

आपल्या महाराष्ट्रात या छंदाचे सर्वांत ठळक उदाहरण पुण्यात आहे. कोथरूड परिसरातील जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय अनेक वाचकांनी पाहिले असेल. भाऊसाहेब जोशी यांनी आपल्या छंदातून ते उभे केले. आरंभी त्यांचा देखावा फिरता होता. १९८२ मध्ये तो पुण्याच्या गोपाळ हायस्कूलमध्ये आणि १९८४ मध्ये मुंबईत लोकांसमोर मांडण्यात आला. परंतु प्रत्येक वेळी सर्व काही सुटे करणे, वाहून नेणे व पुन्हा जोडणे यात नाजूक सामानाची हानी होते. म्हणून कायमस्वरूपी देखाव्याचा संकल्प झाला आणि १ एप्रिल १९९८ रोजी संग्रहालय सर्वांसाठी खुले झाले. वाफेच्या इंजिनापासून अतिवेगवान गाड्यांपर्यंत अनेक गाड्या तेथे एका नियंत्रण कक्षातून धावतात. भोवती उड्डाणपूल, सर्कस, पोहण्याचा तलाव असे एक संपूर्ण शहर आहे. भाऊसाहेबांनंतरही जोशी कुटुंबीयांनी हे काम चालू ठेवले, हे मला विशेष महत्त्वाचे वाटते. त्याचे कारण पुढे सांगेन.

जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे फ्रेडरिक व गेरिट ब्राउन या बंधूंनी २००१ मध्ये असेच प्रदर्शन सुरू केले. त्यातील रुळांची लांबी आता पंधरा किलोमीटरहून अधिक आहे. अर्थात ही उदाहरणे पाहून कोणी दडपून जाऊ नये. आपल्या घरातील मधली खोली हे हॅम्बुर्ग नव्हे, आणि तसे असण्याची आवश्यकताही नाही.

आपलेच स्थानक का नको?

देखाव्यासाठी विषय निवडताना बहुतेक लोक स्वित्झर्लंडचे डोंगर आणि युरोपातील गाड्या निवडतात, कारण तयार सामान त्याच देशांचे मिळते. माझा आग्रह वेगळा आहे. संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून ख्यात असलेल्या आमच्या नरसी गावी रेल्वे नाही. गाडी धरायची तर सुमारे १७ किलोमीटरवरील हिंगोली गाठावी लागते. निजामाच्या राजवटीत पूर्णेहून हिंगोलीपर्यंत मीटरगेज मार्ग आला आणि स्वातंत्र्यानंतर तो अकोला-खंडव्याकडे जोडला गेला. जयपूर आणि काचीगुडा यांना जोडणारी मीनाक्षी एक्सप्रेस याच अरुंद रुळांवरून जात असे. या मार्गाने कित्येक घरांची लग्नाची वऱ्हाडे गेली, कापसाच्या गाठी गेल्या, व्यापाऱ्यांच्या हुंड्या आणि निरोप गेले. २००८ मध्ये पूर्णा ते अकोला हा मार्ग रुंद झाला. पुढे अकोला-खंडवा भागातील मीटरगेज गाड्याही २०१७ च्या आरंभी थांबल्या.

रुंदीकरण आवश्यकच होते. त्यामुळे आपल्या भागाची सोय झाली, यात वाद नाही. पण जुन्या स्थानकाचा मालधक्का कोठे होता, सांधेवाला कोणत्या टोकाला उभा राही, पाणी भरण्याचा खांब कोणत्या बाजूस होता, हे सांगणारी माणसे आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्याबरोबर ही माहितीही जाईल. घरातील देखावा ही ती टिपून ठेवण्याची एक पद्धत आहे. नकाशापेक्षा ती बोलकी आहे आणि लहान मुलाला चटकन कळते.

जागेचे गणित

आता व्यवहाराकडे वळू. जगात सर्वाधिक प्रचलित प्रमाण ‘एचओ’ हे आहे. त्यात प्रत्येक वस्तू मूळ वस्तूच्या ८७ व्या हिश्शाएवढी असते व रुळांमधील अंतर १६.५ मिलिमीटर असते. दुसरे प्रमाण ‘एन’. त्यात रुळांमधील अंतर केवळ ९ मिलिमीटर असते.

एचओ प्रमाणात एक किलोमीटर म्हणजे साधारण साडेअकरा मीटर. नरसी ते हिंगोली हे अंतर त्या प्रमाणात मांडायचे तर सुमारे १९५ मीटर लांबीची खोली लागेल! प्रवासी गाडीचा जुन्या पद्धतीचा रुंदमापी डबा २१.३ मीटरचा असतो. तो येथे साडेचोवीस सेंटिमीटरचा होतो. दहा डब्यांची गाडी म्हणजे आठ फुटांचा फलाट. तेव्हा काय ठेवावे आणि काय वगळावे, याचा निर्णय पहिल्याच दिवशी घ्यावा लागतो. चार डबे, एक मालगाडी, एक फलाट, एक मालधक्का एवढी मर्यादा आखून घेतली, तर काम पूर्ण होते. मर्यादा न आखणाऱ्यांचे देखावे वर्षानुवर्षे अर्धवट राहतात आणि कपाटे मात्र इंजिनांनी भरतात. परिग्रहाचे परिमाण ठरवण्याचे महत्त्व आपल्या वाचकांना मी वेगळे सांगावयास नको.

मीटरगेजसाठी मी एक सोपी युक्ती योजली आहे. एन मापाचा ९ मिलिमीटरचा रूळ हाच एक मीटरचा रूळ मानला, तर प्रमाण सुमारे १११ स १ असे पडते. एन मापाच्या तयार चाकांवर त्या प्रमाणात जाड पुठ्ठ्याचे डबे घरीच बनवता येतात. अशा देखाव्याला सहा फूट लांब व तीन फूट रुंद फळी पुरते.

चढाचेही गणित आहे. गाडी सहज चढावी म्हणून शंभराला दोन याहून अधिक चढ ठेवू नये. एचओ प्रमाणात एका रुळावरून दुसरा रूळ नेण्यास सुमारे साडेसात सेंटिमीटर उंची लागते. म्हणजे पावणेचार मीटर, अर्थात बारा फुटांहून अधिक लांबीचा चढ आला. लहान खोलीत पुलाचा मोह टाळावा, तो याच कारणाने.

माझ्या नातवाने एकदा विचारले, “आजोबा, आपली गाडी इथल्या इथेच फिरते; ती कुठे जात का नाही?” प्रश्न मार्मिक होता. यावर छंदिष्टांनी शोधलेला उपाय असा : फळीच्या मागील बाजूस उभा पडदा लावून त्यामागे तीन-चार आडमार्ग ठेवायचे. गाडी पडद्याआड गेली की ती अकोल्याला गेली; दुसऱ्या टोकाने बाहेर आली की ती पूर्णेहून आली. स्थानक एकच, पण त्याला दोन्ही बाजूंनी जग जोडले जाते.

सामान आणि बांधणी

चौकट चांगल्या वाळलेल्या लाकडाची आणि वर १२ मिलिमीटरचे प्लायवूड असावे. ओल्या लाकडाने पावसाळ्यात फळी वाकते व गाडी घसरते. डोंगर-टेकाडांसाठी थर्माकोल, जुनी वर्तमानपत्रे व प्लास्टर पुरे. वखारीतील लाकडाचा भुसा हिरवा रंगवला की गवत होते आणि बारीक चाळलेली वाळू खडीचे काम करते. चिकटवण्यासाठी कृत्रिम गोंदच वापरावा. पिठाच्या खळीला कीड लागते आणि मग ती मारण्याचा प्रसंग येतो. तो आरंभीच टाळलेला बरा.

रूळ शक्यतो निकेल सिल्व्हर या मिश्रधातूचे घ्यावेत. पितळी रूळ लवकर काळे पडतात व वीजप्रवाहात अडथळा येतो. आपल्याकडील उन्हाळा ध्यानात ठेवून रुळांच्या जोडांत किंचित फट सोडावी. हिवाळ्यातील पहाटेपेक्षा मे महिन्यातील दुपारी खोली २५ अंशांनी अधिक तापली, तर पाच मीटर रूळ सुमारे दोन मिलिमीटर वाढतो. फट नसेल तर तो वर उचलला जातो. खऱ्या लोहमार्गालाही हीच काळजी घ्यावी लागते, हे मुलांना दाखवून द्यावे.

विजेचा भाग ऐकताना अवघड वाटतो, प्रत्यक्षात तो हिशेबासारखाच आहे. साध्या पद्धतीत दोन रुळांतून १२ व्होल्टपर्यंतचा एकदिश प्रवाह सोडतात. प्रवाह वाढवला की वेग वाढतो, दिशा उलटवली की गाडी मागे जाते. एक रूळ जमेचा, एक नावेचा, असे समजावे. रूळ वळवून गाडी पुन्हा त्याच मार्गावर उलट तोंडाने आणली, तर जमेचा रूळ नावेच्या रुळाला जाऊन मिळतो आणि तेथेच शॉर्ट सर्किट होते. अशा वळणाचा तुकडा दोन्ही टोकांना वेगळा तोडून त्याला स्वतंत्र बटण द्यावे लागते. एकाच मार्गावर अनेक गाड्या स्वतंत्रपणे चालवणारी संगणकी पद्धतही आहे. तिच्यात प्रत्येक इंजिनाला स्वतःचा क्रमांक असतो. आरंभी मात्र साधी पद्धतच बरी.

खर्चाबाबत एवढेच सांगेन की, इंजिने बहुतांशी परदेशातून येतात. खेळण्यांवरील मूळ आयातशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाले. मागणी नोंदवण्यापूर्वी चालू दर, टपालखर्च आणि इतर कर मिळून घरपोच किंमत काढावी. वर्षाची रक्कम आधी ठरवावी; पहिल्या वर्षी एकच चांगले इंजिन घ्यावे आणि उरलेले हाताने बनवावे.

वही ठेवा

आता मघाशी राहिलेले कारण. घरोघरी उभे राहिलेले असे देखावे बहुधा ते उभारणाऱ्याबरोबरच संपतात. तो गृहस्थ आजारी पडतो किंवा निवर्ततो. कोणती तार कोठे जाते हे कोणास ठाऊक नसते. एक दिवस गाडी थांबते, वर धूळ साचते आणि खोली रिकामी करताना सारे भंगारात जाते. ज्या कामाचे ज्ञान एकाच माणसाच्या डोक्यात असते, त्याचे असेच होते. दुकानाचेही तसेच होते, हे आपण सर्व जाणतो. पुण्याचे संग्रहालय टिकले, कारण छंद एका माणसाचा न राहता घराचा झाला.

म्हणून माझी कळकळीची सूचना अशी की, पहिल्या खिळ्याच्या दिवशीच एक वही घालावी. एका बाजूस तारांचे रंग व क्रमांक लिहावेत : लाल तार बाहेरच्या रुळाची, काळी आतल्या रुळाची, हिरवी सिग्नलची. दुसऱ्या बाजूस प्रत्येक सांध्याचा क्रमांक, दुरुस्तीची तारीख, सामान कोठून व किती किमतीस घेतले हे लिहावे. शेवटच्या पानांवर स्थानकासंबंधी वडीलधाऱ्यांनी सांगितलेल्या आठवणी, सांगणाऱ्याच्या नावासह नोंदवाव्यात. आमच्या घरी ही वही माझा नातू लिहितो. अक्षर किरटे असले तरी नोंदी चोख आहेत. महिन्यातून एकदा मी खोलीबाहेर बसतो आणि केवळ वहीच्या आधारे तो व त्याची बहीण गाडी सुरू करतात. जेथे ती दोघे अडतात, तेथे वहीत काहीतरी राहिले आहे असे समजून ते पान पुन्हा लिहिले जाते.

या कामात मुले मोजमाप शिकतात, हाताने काम करण्याची लाज जाते आणि धीर येतो. आजोबांना ऐकणारे कान मिळतात. घरातील सुना-लेकीही यात मागे नसाव्यात. बारीक कलाकुसरीत आमच्या सुनेचा हात माझ्याहून कितीतरी स्थिर आहे, आणि फलाटावरील सारी माणसे तिनेच रंगवली आहेत.

ज्या वाचकांच्या गावावरून कधीकाळी छोटी गाडी गेली असेल, त्यांनी येत्या दिवाळीच्या सुट्टीत एवढे तरी करावे. घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीजवळ नातवंडांना कागद-पेन्सिल घेऊन बसवावे आणि जुन्या स्थानकाचा आराखडा काढून घ्यावा. फळी, रूळ, इंजिन यांची खरेदी नंतर सवडीने होईल. आराखडा मात्र आताच काढून ठेवला पाहिजे.