पिकअप वाजते, पण नक्की कधी?

🛻 *वाहन सल्ला*



भोईवाड्यातल्या सोसायट्यांना भाजी आणि दादरच्या बाजारात फुलं पोचवणाऱ्या सभासदांसाठी आजचा सल्ला पिकाचा नाही, गाडीचा आहे.

हायवेवर वाऱ्यात आणि इंजिनात बारीक आवाज लपतो. परळला उतरून केईएमच्या गर्दीतून भोईवाड्यात शिरलं, की मिनिटामिनिटाला थांबा-निघा, आणि शेजारी भिंती. भिंतीवर आपटून गाडीखालचा आवाज सरळ कानावर येतो. तिथे काच खाली करून ऐका.

मेस्त्रीला नुसतं "आवाज येतोय" सांगितलं, तर तो अंदाजाने खोलत बसतो आणि बिल आपलं वाढतं. पान पिवळं पडलं की आपण आधी काय बघतो? जुनं पान की नवं. जुनं असेल तर नत्र आठवतं, नवं असेल तर लोह. गाडीचंही तसंच. *आवाज कुठून येतो यापेक्षा कधी येतो, ते आधी पकडा.*

*१) गाडी उभी, इंजिन चालू, गिअर न्यूट्रल:* घरघर येते आणि क्लच दाबला की थांबते, तर संशय गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर. उलट क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होतो, तर रिलीज बेअरिंग.

*२) गाडी हलताना किंवा रिव्हर्स टाकताना "कट्ट":* बहुतेक वेळा शाफ्टचा क्रॉस झिजलेला असतो.

*३) लोड भरून निघताना खालून थरथर:* शाफ्ट दोन तुकड्यांचा असेल तर मधलं सेंटर बेअरिंग आणि त्याचं रबर बघा.

*४) वेगात "हूं" आवाज, ॲक्सिलेटर सोडला-दाबला की बदलतो:* डिफरन्शियल. आधी ऑइलची पातळी बघून घ्या.

*५) वेगाबरोबर वाढणारी गुणगुण, वळणावर कमी-जास्त होते:* चाकाचं बेअरिंग. डावीकडे वळताना वाढली, तर उजवं चाक आधी तपासा. रस्ता बदलला की आवाज बदलत असेल, तर टायरची झीज बघा.

*क्रॉस घरच्या घरी असा तपासा:* गाडी सपाट जागेवर, रिकामी, इंजिन बंद. चारही चाकांना दगड लावा, मग गिअर न्यूट्रल करा. शाफ्ट हाताने उलटसुलट फिरवा. पूर्ण शाफ्ट थोडासा हलला तर घाबरू नका, गिअरच्या दात्यांत तेवढी फट असतेच. पण क्रॉसच्या अलीकडचा भाग हलतो आणि पलीकडचा जागेवर राहतो, तर क्रॉस गेला. टोपीभोवती तांबूस भुकटी दिसली, म्हणजे आतलं ग्रीस संपून गंज धरला. निप्पल असेल तर चारही टोप्यांतून ताजं ग्रीस बाहेर येईपर्यंत मारा. मात्र झिजलेला क्रॉस ग्रीसने बरा होत नाही, तो बदलावाच लागतो.

⚠️ नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नका.

*"कट्ट"कडे दुर्लक्ष का नको?* नाशिककडची गाडी भरल्या लोडने कसारा घाट उतरते, तेव्हा आपण गिअरच्या जोरावर वेग धरून ठेवतो. तो जोर चाकापर्यंत शाफ्टमधूनच जातो. घाटात क्रॉस तुटला तर इंजिनाची रोख संपली, सगळा भार ब्रेकवर आला. शाफ्ट पुढून सुटला तर रस्त्यावर आपटतो, तो धोका वेगळाच. फुलांचा भाव सकाळी हुकला तर पुढच्या खेपेला भरून काढता येईल, माणसाचं तसं नाही.

म्हणून परतीचा घाट चढण्याआधी मेस्त्रीला चार गोष्टी सांगा: *कितव्या गिअरला, किती वेगाला, लोड होता की रिकामी, ॲक्सिलेटर दाबताना की सोडताना.* आवाज फोनवर रेकॉर्ड करायचा तर शेजारी बसलेल्याने करावा, चालवणाऱ्याने नाही.

गणपती-दसऱ्याच्या खेपा सुरू होण्याआधी एवढी तपासणी उरकून घ्या. गाडी दुसऱ्याला चालवायला दिली असेल, तर हा मेसेज त्यालाही पाठवा.

— आपला कृषी सल्लागार