संशयाची वर्दी

शेजारच्या ओट्यावर रोज संध्याकाळीं बसणारी आजीबाई पंधरा दिवस दिसत नाहीं. दिवसा दाराला बाहेरून कुलूप असतें, आणि रात्रीं भिंतीपलीकडून कण्हणें ऐकूं येतें. ऐकणाराच्या मनांत शंका येते. परंतु तिच्या पाठोपाठ संकोचही येतो. दुसऱ्याच्या घरांत डोकावण्याचा आपल्याला अधिकार काय? शंका खोटी ठरली तर शेजार कायमचा तुटेल. या विचारांत दिवस जातात, आणि मदतीची वाट पाहणारा जीव तसाच आंत राहतो.

हा पेच कोणा एका देशाचा नव्हे. अमेरिकेंतील टेक्सास राज्यानें तो कायद्यानें सोडविण्याचा यत्न केला आहे. ६५ वर्षांच्या अगर त्याहून अधिक वयाच्या मनुष्याचा छळ, हेळसांड किंवा आर्थिक पिळवणूक होत आहे असें मानण्यास ज्याला कारण दिसतें, त्यानें ताबडतोब वर्दी दिली पाहिजे. जाणूनबुजून गप्प राहणें हा तेथें गुन्हा आहे. वर्दी दूरध्वनीवरून देतां येते, तशीच इंटरनेटवरूनही देतां येते. लिहिलेली वर्दी भिंतीपलीकडे ऐकूं जात नाहीं, हा तिचा मोठा गुण. मात्र प्रसंग जिवावर बेतला असेल तर लिहीत बसूं नये. तेव्हां तांतडीचा दूरध्वनीच केला पाहिजे.

वर्दींत काय असावें हेंही कायदा सांगतो: वृद्धाचें नांव, वय व पत्ता, त्याची काळजी घेणाराचें नांव, वृद्धाची स्थिति, आणि वर्दी देणाराला हें कशावरून समजलें. यांतील शेवटची बाब सर्वांत महत्त्वाची. ‘मुलगा आईला उपाशी ठेवतो’ हा निवाडा झाला. ‘सोमवारपासून जेवणाचा डबा दाराशीं तसाच पडून आहे’ ही माहिती झाली. शेजाऱ्यानें माहिती द्यावी. खरेंखोटें ठरविणें हें चौकशी करणाराचें काम, आणि तें २४ तासांच्या आंत सुरू करण्याचें बंधन त्याच्यावर आहे. वर्दी देणाराचें नांव गुप्त राहतें. सद्‌हेतूनें दिलेली वर्दी चुकीची ठरली तरी त्याला शिक्षा होत नाहीं; खोटी असल्याचें ठाऊक असून दिलेली वर्दी मात्र गुन्हा ठरते. शिवाय, ज्याची बुद्धि शाबूत आहे असा वृद्ध मदत नाकारूं शकतो. त्याच्या इच्छेला मान देणें हाही संरक्षणाचाच भाग आहे.

भारतांत शेजाऱ्यावर असें कायदेशीर बंधन नाहीं. सन २००७ च्या कायद्यानें ६० वर्षांवरील नागरिकांना निर्वाहासाठीं न्यायाधिकरणाकडे जातां येतें. वृद्ध स्वतः असमर्थ असल्यास त्यानें अधिकार दिलेली व्यक्ति अगर संस्था अर्ज करूं शकते, आणि न्यायाधिकरणही आपण होऊन दखल घेऊं शकतें. सन २०२१ पासून १४५६७ या क्रमांकावर देशभर वृद्धांसाठीं विनामूल्य दूरध्वनीची सोय झाली आहे. तांतडीच्या प्रसंगीं ११२ हा क्रमांक आहे.

साधनें आहेत, अडतें तें संकोचापाशीं. वर्दी म्हणजे आरोप नव्हे. कुलूप दिसलें, कण्हणें ऐकलें, एवढेंच तींत सांगावयाचें असतें. शंका खोटी निघाली तर एक घर निर्दोष ठरेल. खरी निघाली तर कुलूप वेळेवर उघडेल.